व्हिडिओ स्वतःसाठी काढा, लोकांना लिहून द्या

एखादी गोष्ट तुम्हाला चांगली येते, चार लोक सारखं तेच विचारतात, आणि मग वाटतं की एकदाच व्हिडिओ करून टाकू म्हणजे परत परत सांगायला नको. कल्पना वाईट नाही, पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा अख्खा व्हिडिओ नकोच असतो. त्याला त्यातली एक ओळ हवी असते आणि ती आत्ता हवी असते, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फोन असताना. त्याला तुम्ही बारा मिनिटं दिलीत तर त्यातली अकरा त्यानेच गाळत बसायचं. म्हणून माझं म्हणणं असं की व्हिडिओ काढा, जरूर काढा, पण तो स्वतःसाठी, आणि लोकांना त्यावरून लिहून द्या. ते कसं करायचं ते खाली सांगतो, आणि जिथे कुणी लिहिलेलंच नाहीये, नुसते व्हिडिओच आहेत, तिथे आपलं काम कसं काढून घ्यायचं तेही.

आधी बघा, यात हलतंय काय

ठरवायची सोपी रीत सांगतो. ही गोष्ट साध्या फोन कॉलवर सांगता येईल का? "सेटिंगमध्ये जा, खाली बॅटरी असं दिसेल, त्यात तिसरा पर्याय" हे फोनवर आरामात सांगता येतं, म्हणजे ते लिहिताही येतं. फॉर्म भरणं, स्प्रेडशीटचा फॉर्म्युला, एखाद्या प्रोग्रामची कमांड, कुठला स्क्रू किती मिलीमीटरचा, दोन वस्तूंमधली कुठली घ्यावी, हे सगळं लिहायचं. याउलट दोरीची गाठ, क्रोशाचा टाका, गिटारच्या तारेवर बोट कसं घसरवायचं, सायकलचा गिअर नीट बसला नसेल तर कसा आवाज येतो, परक्या भाषेतला एखादा उच्चार, हे फोनवर सांगायला गेलात तर पाचव्या वाक्याला दोघंही वैतागाल. तिथे व्हिडिओच पाहिजे, मी स्वतः तिथे लेख उघडतसुद्धा नाही.

पण गंमत अशी की तिथेही खरा हलणारा भाग असतो पंधरा-वीस सेकंदांचा. गाठीला कुठली दोरी घ्यायची, किती वजन पेलते, ओली झाली की घट्ट बसते का सैल होते, हे सगळं लिहिण्याचंच आहे. मग तेवढ्या वीस सेकंदांची क्लिप काढा, आवाज नसला तरी चालतंय, आणि लेखात जिथे लागते तिथे मधोमध टाका. बघणारा ती पाच वेळा फिरवून बघेल आणि खालचं वाचेल. माझ्या मते शिकवायची हीच सगळ्यात चांगली पद्धत आहे आणि का कुणास ठाऊक फारच कमी लोक वापरतात.

वाचणाऱ्याला काय मिळतं जे बघणाऱ्याला मिळत नाही

लोक यात नेहमी वेगाचं बोलतात. इंग्रजीपुरते आकडे आहेत, नेहमीच्या बोलण्यात मिनिटाला साधारण १५० शब्द होतात, आणि २०१९ साली वाचनाच्या वेगावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला त्यात मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचणाऱ्या मोठ्या माणसाची सरासरी मिनिटाला २३८ शब्द आली. म्हणजे दीडपट. पण दीडपटीचं एवढं काही नाही, व्हिडिओ दीडपट वेगाने लावता येतोच की. खरी गोष्ट अशी की वाचणारा सगळं वाचतच नाही. तो नजर टाकतो, मथळे बघतो, आकडा दिसला की थबकतो, "हे मला माहितीये" म्हणून दोन परिच्छेद सोडून देतो, अवघड वाक्य तीनदा वाचतो, आणि हे सगळं न ठरवता करतो. व्हिडिओत पुढे उडी मारली की आपण काय सोडलं तेच कळत नाही, म्हणून माणूस दहा सेकंद मागे येतो, परत पुढे, परत मागे. त्यात ज्याला थोडंफार येतंय त्याचे सगळ्यात हाल, कारण व्हिडिओ अगदी नवख्याला धरून चाललेला असतो, आणि खरोखर नवखा असतो त्याला तोच व्हिडिओ फास्ट वाटतो.

मग शोधणं. कंट्रोल एफ दाबलं, शब्द टाकला, सापडला. सहा महिन्यांनी आठवतं की "तो म्हणाला होता आधी कुठली तरी केबल काढायची", तेव्हा लेखात ती ओळ दहा सेकंदात मिळते. व्हिडिओ असेल तर परत पूर्ण बघा, आणि त्याच्याही आधी तो व्हिडिओ कुठला हेच आठवत नाही, एवढंच आठवतं की बोलणाऱ्याने निळा शर्ट घातला होता. कॉपी-पेस्टचंही तेच. स्क्रीनवर लांबलचक कमांड दाखवतात, आपण पॉज करून एकेक अक्षर बघून टाइप करतो, आणि ते इंग्रजी ओ आहे की शून्य, एल आहे की एक, हे धूसर चित्रात ओळखायचं म्हणजे कठीणच. एक चिन्ह चुकलं की चालत नाही आणि कुठलं चुकलं ते कळत नाही.

पण सगळ्यात मोठा तोटा कुठला म्हणाल तर दुरुस्तीचा, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. लेखात चूक सापडली किंवा ॲपचं नवं व्हर्जन आलं आणि बटण दुसरीकडे गेलं तर एक ओळ बदलायची, वर तारीख टाकायची, झालं काम. पत्ता तोच राहतो, ज्यांनी कुठे लिंक दिलेली असेल त्यांनाही सुधारलेलंच मिळतं. यूट्यूबवर एकदा टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरी फाइल ठेवता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, एखादा भाग धूसर करता येतो, पण नवं वाक्य आत घालता येत नाही. नवा व्हिडिओ टाकला तर व्ह्यूज परत शून्यापासून, जुन्या लिंका जुन्या चुकीकडेच जातात, आणि लोकांना वर्षानुवर्षं तोच जुना सापडत राहतो. पूर्वी यावर एक उपाय होता, ॲनोटेशन नावाची सोय होती, व्हिडिओवर छोटी चौकट चिकटवता यायची, "इथे मी चुकीचा आकडा बोललोय, बरोबर हा" असं. मे २०१७ मध्ये नवीन चौकटी टाकणं बंद झालं आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही दिसेनाशा झाल्या. व्हिडिओ जागेवर, त्यातल्या चुका जागेवर, फक्त दुरुस्त्या तेवढ्या गेल्या. वर नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाइकचा आकडा बघणाऱ्याला दिसत नाही, आधी निदान "इतक्या लोकांनी अंगठा खाली केलाय म्हणजे याने काम होत नसणार" एवढं तरी दहा मिनिटं घालवायच्या आधी कळायचं.

बाकीचं पटापट सांगतो. डेटा: ७२०पी व्हिडिओला सेकंदाला २.५ मेगाबिट धरले तर दहा मिनिटांचे जवळपास १८७ एमबी होतात. दहा मिनिटांत बोललेलं सगळंच्या सगळं, म्हणजे समजा १५०० शब्द, देवनागरीत लिहिलं तर, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट खातं हे धरूनही ३० केबीच्या आसपास जातं. सहा हजार पटींचा फरक आहे हा, नेट रडतखडत चालतं तिथे पान उघडतं आणि व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो.

ऐकू येणं: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना ऐकू कमी येतं म्हणून मदतीची गरज आहे. वेबच्या ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचे, जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन असणं ही सगळ्यात खालच्या पातळीची अट आहे, म्हणजे एवढं तर हवंच अशी. आणि ज्यांना दिसत नाही त्यांची वेगळीच पंचाईत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, लेख वाचून दाखवतो, पण व्हिडिओत "आता हे इथे क्लिक करायचं, मग हे असं ओढायचं, आणि हे बघा आलं" हे नुसतं ऐकून काय कळणार? शिवाय ऐकू-दिसू सगळं नीट येतं पण शेजारी कुणी झोपलंय, हेडफोन घरी राहिलाय, मीटिंग चालूये, असं तर आपल्या सगळ्यांचंच असतं.

टिकणं: गूगल व्हिडिओ ही व्हिडिओची साइट २०१२ मध्ये कायमची बंद झाली, छोट्या व्हिडिओंचं व्हाइन ॲप जानेवारी २०१७ मध्ये गुंडाळलं. लिहिलेली पानंही मरतात, नाही असं नाही, पण वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात जुन्या पानाचा मजकूर सापडायची शक्यता बरीच असते, व्हिडिओचा तिथे बहुतेक वेळा काळा चौकोनच मिळतो. आणि लेख कुणीही सेव्ह करतं, प्रिंट काढतं, मेलमध्ये चिकटवतं.

आता कुणी म्हणेल की मग सगळीकडे व्हिडिओच का दिसतात. एक तर पैसा. यूट्यूबवर व्हिडिओच्या मधे जाहिरात टाकायची तर आधी तो किमान दहा मिनिटांचा लागायचा, जुलै २०२० पासून आठ मिनिटांचा लागतो, म्हणून तीन मिनिटांचं उत्तर आठ मिनिटं आणि काही सेकंद चालतं, बघा कधी नीट. दुसरं म्हणजे "लोकांना व्हिडिओच आवडतो" ही हवा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो तो आकडा ते दोन वर्षं फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना सरासरीत धरतच नव्हते. त्या काळात बऱ्याच बातम्यांच्या साइटींनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवाली घेतली. असो, आपण आपल्या कामाकडे येऊ.

रेकॉर्ड करा पण टाकू नका

व्हिडिओचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा, तो काही विसरत नाही. ज्याला काम येतं त्याच्या हातून अर्ध्या गोष्टी आपोआप होतात आणि लिहायला बसलं की नेमक्या त्याच सुटतात. तुम्ही लिहिता "झाकण काढा", प्रत्यक्षात तुम्ही आधी प्लग काढलेला असतो, खाली फडकं ठेवलेलं असतं आणि झाकण थोडं डावीकडे दाबून मग ओढलेलं असतं. म्हणून काम करताना रेकॉर्डिंग लावा. कॉम्प्युटरचं काम असेल तर स्क्रीन रेकॉर्ड, हातचं असेल तर फोन कशाला तरी टेकवून फक्त हात दिसतील असा. शेजारी कुणी बसलंय आणि त्याला सांगतोय अशा थाटात बोलत बोलत करा. केस विंचरायचे नाहीत, लाइट लावायचे नाहीत, अडखळलात तर अडखळा, हे कुणी बघणार नाहीये. कॅमेऱ्यासमोर बोलायची लाज वाटते म्हणून उत्तम येत असूनही गप्प बसणारे लोक खूप आहेत, त्यांनी तर हे करावंच.

मग ते बोलणं अक्षरात आणा. व्हिडिओ यूट्यूबवर प्रायव्हेट ठेवून टाकला आणि तुमच्या भाषेत ऑटो कॅप्शन येत असतील तर तिथून मजकूर उचलता येतो. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं अक्षरात आणणारा प्रोग्राम, सप्टेंबर २०२२ पासून खुलं आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, मराठीही घेतं पण चुका बऱ्याच करतं. यातलं काहीच जमत नसेल तर रेकॉर्डिंग थोडं थोडं ऐकून फोनच्या व्हॉइस टायपिंगला स्वतः परत सांगा, तेही चालतं. कसंही आणलं तरी दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून तपासा, आकडे आणि नकार. "पंधरा"चं "पन्नास" झालं किंवा "दाबू नका"मधला "नका" गळला तर वाचणाऱ्याचं मशीन जाईल. बोलताना आपण मधेच इंग्रजी शब्द टाकतो त्यांचीही मशीन वाट लावतं, ते एकेक बघून सुधारावे लागतात.

आता इथे बरेच लोक थांबतात आणि तो मजकूर तसाच्या तसा टाकून देतात. तसं करू नका. बोललेलं जसंच्या तसं वाचणं हा छळ आहे. बारा मिनिटांचं बोलणं म्हणजे सतराशे-अठराशे शब्द होतात, त्यातून कामाचा लेख निघतो पाच-सहाशेचा. नमस्कार, स्वतःची ओळख, "तर मित्रांनो", एकच गोष्ट तीनदा, "हे लोड होतंय तोपर्यंत", हे सगळं उडवा. पण उडवताना एक सांभाळा, बोलण्याच्या ओघात सहज टाकलेली वाक्यं कधीकधी सगळ्यात मोलाची असतात. "हा स्क्रू मी नेहमी हातानेच घट्ट करतो, ड्रिलने केला तर पेच खराब होतात" असलं वाक्य तुम्ही लिहायला बसला असता तर कधीच सुचलं नसतं. ते ठेवा.

क्रम बदला. बोलताना सूचना नेहमी उशिरा येतात, सगळं करून दाखवल्यावर आठवतं, "हां, आणि हे करायच्या आधी बॅकअप घ्यायचा बरं का". लेखात ते वाक्य त्या पायरीच्या आधी गेलंच पाहिजे, कारण वाचणारा बरोबरीने करत असतो, शेवटपर्यंत वाचून मग सुरुवात करणारे फार थोडे. आणि सगळ्यात वर उत्तर. दोन ओळीत, समजा वॉशिंग मशीन असेल तर, "हा एरर पाणी बाहेर जात नसेल तर येतो, खालचा फिल्टर साफ करा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो". ज्याला तेवढंच हवंय तो तिथूनच जाईल, जाऊ दे. ज्याला फिल्टर कुठे असतो तेच माहिती नाही तो खाली वाचेल.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण यानेच लेख होतो. मजकुरात "हे", "इथे", "तिकडे", "असं", "तो" हे शब्द एकेक करून सर्च करा. व्हिडिओत बोट दाखवून भागलेलं असतं, कागदावर बोट नाही. "इथे क्लिक करा"च्या जागी त्या बटणावर जे लिहिलंय तेच शब्द, स्क्रीनच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते. "एवढं फिरवायचं"च्या जागी पाव फेरी की अर्धी. "असा आवाज आला पाहिजे"च्या जागी एकदा टक् की सलग खरखर. प्रत्येक "हे"ला नाव द्यायला लागलं की कळतं आपल्याला स्वतःलाच कुठे नक्की माहिती नाहीये, मग उठून परत जाऊन बघावं लागतं.

फोटो त्याच रेकॉर्डिंगमधून पॉज करून काढा. प्रत्येक क्लिकचा फोटो टाकू नका, त्याने लेख लांबतो आणि फोनवर स्क्रोल करून करून माणूस थकतो. जिथे चुकायची शक्यता आहे, म्हणजे दोन सारखी बटणं आहेत किंवा पार्ट उलटाही बसतो, तिथेच फोटो, आणि तोही नको तो भाग कापून. फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिहा. कमांड, फॉर्म्युला, एरर मेसेज यांचे फोटो टाकायचेच नाहीत, ते अक्षरातच हवेत, नाहीतर व्हिडिओचा दोष आपण लेखात आणला असं होईल. एरर मेसेज तर शब्दशः, स्क्रीनवर जसा दिसतो तसा, त्याच लिपीत, कारण अडकलेला माणूस तोच सर्चमध्ये टाकणार. मराठीत लिहिताना अजून एक, वस्तूचं नाव लोक दोन-तीन प्रकारे टाइप करतात, व्हिडिओ, व्हिडीओ, विडिओ, तर महत्त्वाच्या शब्दाचं दुसरं रूप मजकुरात कुठेतरी सहज येऊ द्या.

वर तारीख, कुठलं मॉडेल, कुठलं व्हर्जन, हे टाका. नंतर बदल केला तर "अमुक तारखेला चौथी पायरी बदलली" एवढं लिहा, नुसतं "अपडेटेड" लिहून काय बदललं ते कुणाला कळत नाही.

आणि मग तो लेख ज्याला काम येत नाही अशा कुणाला तरी द्या आणि शेजारी तोंड बंद ठेवून बसा. हे फार अवघड जातं, सारखं सांगावंसं वाटतं, पण सांगायचं नाही. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे एक वाक्य कमी आहे.

लिहिलेलं मिळतच नसेल तर

बघणारे आपण असू तेव्हा. फोन बाजूला ठेवा आणि जमत असेल तर कॉम्प्युटरवर उघडा, तिथे हत्यारं जास्त आहेत. यूट्यूबवर डिस्क्रिप्शन पूर्ण उघडलं की खाली ट्रान्स्क्रिप्ट दाखवायचं बटण असतं (कॅप्शन असतील तरच), त्याने शेजारी सगळा मजकूर वेळेसकट येतो. त्यात आपला शब्द शोधा, ओळीवर क्लिक करा, व्हिडिओ बरोब्बर तिथे जातो. माझं निम्मं काम याच्यावरच होतं, व्हिडिओ सुरूही करावा लागत नाही. ऑटो कॅप्शनमध्ये नावं आणि पार्ट नंबर चुकीचे पडतात, म्हणून नेमका शब्द सापडला नाही तर आजूबाजूचा साधा शब्द टाका, "स्क्रू", "रीसेट", "किंमत" असा काहीतरी.

कीबोर्डवर के दाबलं की पॉज, जे दहा सेकंद मागे, एल दहा सेकंद पुढे. शून्य ते नऊ आकड्यांनी व्हिडिओच्या त्या त्या दहाव्या हिश्शावर जाता येतं, तीन दाबलं की तीस टक्क्यांवर. प्रस्तावना खाणाऱ्या व्हिडिओंना मी सरळ दोन किंवा तीन दाबून सुरुवात करतो. पॉज केल्यावर स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे जाते, झर्रकन दाखवलेली कमांड किंवा हाताची हालचाल पकडायला याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि आधी क्वालिटी सगळ्यात वरची करून घ्या म्हणजे अक्षरं वाचता येतील. फ्रेम पकडली की स्क्रीनशॉट काढून फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या टेक्स्ट ओळखणाऱ्या सोयीने अक्षरं उचला, मग शून्य आणि ओ स्वतः तपासा.

व्हिडिओ एकदाच बघायचा आणि बघताना स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहायच्या, प्रत्येक ओळीपुढे मिनिट-सेकंद. व्हिडिओवर राइट क्लिक करून सध्याच्या वेळेची लिंक कॉपी होते, ती वर चिकटवा. पुढच्या वेळी तो व्हिडिओ उघडावा लागत नाही. या नोट्स स्वतःपुरत्या ठेवा किंवा स्वतःच्या शब्दांत, मूळ व्हिडिओची लिंक देऊन लोकांना द्या, पण दुसऱ्याचं ट्रान्स्क्रिप्ट उचलून आपल्या नावावर लेख म्हणून टाकणं बरोबर नाही, कॉपीराइटच्या दृष्टीनेही नाही आणि तसंही नाही.

आणि एवढं करून व्हिडिओ टाकायचाच असेल

तर निदान लोकांना त्यातून मार्ग काढता येईल असा टाका. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहिल्या की चॅप्टर पडतात, पण पहिली वेळ ०:०० च हवी, किमान तीन हव्यात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक चॅप्टर निदान दहा सेकंदांचा. यातलं एक जरी चुकलं तर चॅप्टर येत नाहीत आणि बरेच लोक का येत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसतात. चॅप्टरची नावं "भाग १", "भाग २" अशी नकोत, "फिल्टर कुठे असतो", "पाणी बाहेर काढणे" अशी हवीत. कॅप्शन ऑटोवर सोडू नका, लेख लिहिलाच आहे तर आकडे आणि नावं तिथून उचलून कॅप्शनमध्ये दुरुस्त करा. स्क्रीन दाखवताना अक्षरं तुम्हाला विचित्र वाटतील इतकी मोठी करा, कारण बघणारा ती फोनवर, आडवा न करता बघणार आहे. दाखवलेलं बोला पण, "इथे" न म्हणता "उजवीकडे वर, निळं बटण" असं. कमांड, लिंका, पार्ट नंबर सगळे डिस्क्रिप्शनमध्ये अक्षरात. मागे म्युझिक नको, जे कष्टाने ऐकतात त्यांना त्याच्यात शब्दच कळत नाहीत. आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत लेखाची लिंक, सबस्क्राइबची विनंती तिच्या खाली.